लायसन एकदम, रस्ता हप्त्याहप्त्याने

नातीला अठरा पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी ती गाडीची चावी मागायला आली. मी एसटीत बत्तीस वर्षं ड्रायव्हर होतो, त्यातली निम्मी रत्नागिरी-कोल्हापूर. तरी तिच्या बापाच्या वेळी मी चुकलो होतो. लायसन आलं त्याच संध्याकाळी चावी दिली. पाऊस, गाडीत चार मित्र, पावस रोडचं वळण आणि गाडी थेट व्हाळात, म्हणजे ओढ्यात. माणसं वाचली.

न्यूझीलंडमध्ये १९८७ पासून लायसन टप्प्याटप्प्याने देतात. मधल्या टप्प्यात रात्री दहा ते पहाटे पाच एकट्याने गाडी काढायची नाही, शेजारी जाणता माणूस नसेल तर मित्र बसवायचे नाहीत. आपल्याकडे मधला टप्पाच नाही. शिकाऊ लायसननंतर तीस दिवसांनी परीक्षा, पास झालात की आंबा घाट रात्रीचाही मोकळा. म्हणून तो टप्पा घरी लावायचा.

अठराच्या आधी मात्र चावी नाहीच. सोळाव्या वर्षी पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी कायद्याला चालते, पण घरातली स्कूटी शंभराच्या वरची असते. पोराने ती काढून काही केलं तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, शिवाय पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही.

शिकाऊ लायसन सहा महिने चालतं. ते पुरते वापरा. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल, शेजारी लायसनवाला. पहिला महिना सड्यावर, म्हणजे मोकळ्या कातळावर, रविवारी सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना. मग बाजारपेठ. ती जमली की घाट.

घाटासाठी वेळ काढा. मी नातीला चढणीवर मुद्दाम थांबवलं, मागच्या चाकाला चिरा, म्हणजे जांभा दगड, लावला. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू सोडत जायचा. इंजिनचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित उचलतं, तेव्हा हँडब्रेक सोडायचा. पहिल्यांदा गाडी वीतभर मागे सरकून चिऱ्याला टेकली.

"आजोबा, मागे जातेय!"

"गाडी नाय जात, तुझा पाय घाबरलाय."

विसाव्या वेळेला चिरा काढून घेतला. उतरताना साधा हिशोब: ज्या गिअरमध्ये चढला असतात, त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल टाकणारे शहाणे मी खूप पाहिलेत. खाली पोचेपर्यंत ब्रेकच्या जळक्या लायनरचा वास येतो. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर आपण थांबायचं, चढणाऱ्याला आधी वाट.

पाऊस हा वेगळा धडा. जूनच्या पहिल्या सरीत रस्ता सर्वात निसरडा असतो. चिरेखाणीच्या फाट्यावर लाल चिखल डांबरावर येतो, मासळीच्या टेम्पोतून पाणी गळत जातं आणि संध्याकाळी गुरं नेमकी रस्त्यावर येऊन बसतात. वेग निम्मा, पुढच्या गाडीपासून अंतर दुप्पट, ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. आणि पुळणीवर, समुद्राच्या वाळूत, गाडी घालायची नाही, किती का रील बनेनात. भरती वाट बघत नाही, आणि दोरी लावायला शेवटी ट्रॅक्टरवाल्याच्या पाया पडावं लागतं.

पक्कं लायसन आल्यावर पुढचे सहा महिने माझे दोन नियम: अंधार पडल्यावर गाडी घरात, आणि मित्रमैत्रिणी गाडीत नाहीत. नात आठ दिवस फुगून बसली. तिचं म्हणणं, सगळ्यांच्या घरी चालतं. मी म्हटलं, सगळ्यांच्या घरी व्हाळात गेलेली गाडी नाही.

रात्र सर्वात शेवटी. समोरच्याचा हेडलाइट डोळ्यांवर आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेवायची. हे मी तिला अजून शेजारच्या सीटवर बसवूनच दाखवतोय. परवा मालगुंडला मैत्रिणीचा वाढदिवस होता, मीच आणायला गेलो. येताना प्रत्येक गाडीमागे तिचं सुरू होतं, "ह्याला डिपर माहीतच नाही वाटतं."