बंद पडलेल्या कालव्याच्या काठानं उपनगरातून पायी कसं जायचं

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. बोटींसाठी खणलेला कालवा सपाट असतो. शेतीच्या कालव्याला किंचित उतार देतात, पाणी पुढे सरकत राहायला हवं म्हणून. बोटीच्या कालव्यात मात्र पाणी जागच्या जागी थांबायला हवं, त्यामुळे तो टेकडीच्या कडेकडेनं एकाच उंचीवर वळणं घेत जातो, आणि उंची बदलायचीच झाली तर लॉकमध्ये एका झटक्यात बदलतो. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला लांबट दगडी हौद, बोट आत घ्यायची, दार लावायचं, पाणी भरायचं किंवा सोडायचं, की बोट वर किंवा खाली. कालवा बंद पडून शंभर-दीडशे वर्षं झाली, पाणी गेलं, वर घरं झाली, तरी ही सपाटी सहसा पुसली जात नाही. म्हणून वाट हळूहळू चढायला किंवा उतरायला लागली की समजा तुम्ही कालवा सोडलाय, आणि मागे फिरा.

घरी बसून करायचं काम

हे काम टाळू नका, निम्मी मजा इथेच आहे. त्या भागाचा जुना नकाशा मिळवा आणि आजचा सॅटेलाइट नकाशा शेजारी उघडा. ब्रिटनमधला कालवा असेल तर नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या साइटवर जुने नकाशे आजच्या नकाशावर ठेवून बघता येतात, वरचा नकाशा हळूहळू पुसट करत गेलं की जुनी निळी रेघ आजच्या कुठल्या गल्लीवर बसते ते दिसतं. इतर ठिकाणी नगरपालिका किंवा जिल्ह्याच्या दप्तरखान्यात विचारा. ओपनस्ट्रीटमॅपवरही हौशी लोकांनी बरेच बंद कालवे रेखून ठेवलेत.

जुना नकाशा नाहीच मिळाला तरी अडत नाही. सॅटेलाइटवर बघायचं काय, तर सरळ आखलेल्या वस्तीत मध्येच वळत जाणारी एखादी चिंचोळी पट्टी. घरांच्या मागच्या कुंपणांची रांग उगाच कमानीसारखी वाकलेली असते, किंवा लांबच लांब आणि अगदी अरुंद बाग असते, इतकी अरुंद की मुद्दाम कोणी अशी बाग आखणार नाही. रस्त्यांची नावं वाचा, कॅनाल, व्हार्फ (म्हणजे माल चढवायचा-उतरवायचा धक्का), लॉक, बेसिन (म्हणजे बोटी थांबायची रुंद जागा) असं काही नावात आलं की तिथे पेन्सिलनं ठिपका करा. ठिपके जोडत गेलं की रूट आपोआप तयार होतो.

बंद पडल्यावर कालव्याचं पुढे काय झालं हेही आधीच बघून ठेवा, त्यावर तुमचा दिवस कसा जाणार ते ठरतं. लंडनच्या दक्षिणेचा क्रॉयडन कालवा १८०९ ला सुरू झाला, जेमतेम १५ किलोमीटर लांबी आणि त्यात तब्बल २८ लॉक, म्हणजे बोट सतत थांबतच जायची. तो १८३६ ला बंद पडला आणि १८३९ ला त्याच मार्गाचा बराचसा भाग घेऊन रेल्वे धावली. तिथे आज कालव्यातून चालता येत नाही, रुळांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून जावं लागतं, पण मध्येच अ‍ॅनर्लीच्या बेट्स पार्कमध्ये कालव्याचा एक छोटा तुकडा अजून पाण्यासकट आहे, आणि त्याला पाणी पुरवणारा जलाशय म्हणजे आजचा साउथ नॉरवूडचा तलाव. अमेरिकेत न्यूआर्कला मॉरिस कालव्याच्या पात्रातून ट्रामसारखी गाडी नेली, रॉचेस्टरला जुन्या ईरी कालव्याच्या पात्रात १९२७ ते १९५६ भुयारी रेल्वे चालायची. म्हणजे रूळ दिसले की कालवा संपला असं समजू नका, बऱ्याचदा रूळच कालवा असतात.

आणि कधीकधी नशीब चांगलं असतं. वॉशिंग्टनपासून निघणारा चेसापीक अँड ओहायो कालवा १९२४ ला बंद झाला, पुढे त्याच्यावर मोटाररस्ता करायचा विचार होता, तेव्हा सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९५४ मध्ये पत्रकारांना सांगितलं की माझ्याबरोबर या आणि चालून बघा, आणि ते खरंच चालले. १९७१ ला त्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. सुमारे २९७ किलोमीटरची सलग वाट आज चालायला मोकळी आहे ती लोक चालले म्हणून, हे मला फार मोलाचं वाटतं.

किती अंतर, कुठून कुठे

पहिल्या वेळी ८ किलोमीटरच्या वर जाऊ नका. साध्या रस्त्यावर आपण तासाला ४-५ किलोमीटर चालतो, पण इथे थांबून बघणं, गल्लीत शिरून परत येणं यात तो वेग सहज अर्ध्यावर येतो. कालव्याची वाट गोल फिरून परत येत नाही, म्हणून सकाळी ताजेतवाने असताना बसनं किंवा ट्रेननं लांबच्या टोकाला जा आणि जिथून परतीची गाडी भरपूर मिळते त्या टोकाकडे चालत या. मध्ये दोन-तीन ठिकाणं अशी ठरवून ठेवा की कंटाळा आला किंवा पाय दुखले तर तिथून बाहेर पडता येईल. उपनगराचा हाच फायदा आहे, स्टेशन कधी फार लांब नसतं.

दिवस निवडताना झाडांची पानं कमी असतात तो काळ घ्या, जमिनीचा आकार तेव्हाच नीट दिसतो. त्यातही पाऊस पडून एक-दोन दिवस झाले असतील तर उत्तम. कालव्याच्या तळाला पाणी झिरपू नये म्हणून चिकणमाती पाण्यात तुडवून तुडवून तिचा जाड थर बसवलेला असायचा, हा थर बऱ्याच ठिकाणी अजून तसाच खाली आहे, म्हणून आजूबाजूची जमीन सुकली तरी तेवढीच पट्टी ओली राहते, तिथलं गवत जास्त हिरवं असतं, पाणकणीस उगवतं. म्हणजे चिखल आहेच, तेव्हा घोटा धरणारे, पकड असलेले बूट घाला आणि मोज्यांचा एक जादा जोड ठेवा.

चालायला लागल्यावर

नजर पायाखाली नको, पुलांवर ठेवा. बंद कालव्याची सगळ्यात पक्की खूण पूल आहे. सपाट वस्तीतला रस्ता मध्येच कारण नसताना उंटाच्या पाठीसारखा वर येऊन खाली जातो, दोन्ही बाजूला दगडी कठडे आहेत आणि कठड्यावरून वाकून बघितलं तर खाली नदी नाही, नाला नाही, नुसतं गवत किंवा गाड्यांचं पार्किंग, तर तुम्ही कालव्याच्या पुलावर उभे आहात. तिथून दोन्ही दिशांना बघा, कालवा कुठून आला आणि कुठे गेला ते बरेचदा लगेच कळतं.

पुलाखाली जाता येत असेल तर जरूर जा आणि कमानीच्या कोपऱ्याच्या दगडावर हात फिरवा. बोटी घोडे ओढायचे, घोडा काठावरच्या वाटेनं चालायचा आणि मागे लांब दोर. पुलाखाली वळताना तो दोर कोपऱ्याला घासायचा, दोराला चिखल आणि वाळू लागलेली, म्हणजे कानसच झाली ती. वर्षानुवर्षं घासून दगडात खाचा पडल्यात, एकाखाली एक, बोटाच्या जाडीच्या, आतून गुळगुळीत. दगड वाचवायला काही ठिकाणी लोखंडी पट्टी ठोकली होती, तर लोखंडातही खाचा आहेत. मी पहिल्यांदा त्या खाचेत बोट ठेवलं तेव्हा किती तरी वेळ तिथून हललेच नाही, कारण ते कोणी कोरलेलं नव्हतं, रोजच्या कामानं आपोआप झालेलं होतं. खाचा ज्या बाजूला, घोड्याची वाट त्या बाजूला, हे लक्षात ठेवलं की पुढे कुठल्या काठानं जायचं तेही कळतं.

वाटेत एकदम छोटासा चढ लागला, दोन-तीन मीटरचा, आणि वर परत सपाट, तर तो लॉक. इंग्लंडमधले अरुंद लॉक साधारण २.१ मीटर रुंद आणि २२ मीटर लांब असतात, त्यामुळे बुजवलेला असला तरी पावलांनी मोजून अंदाज येतो. भिंतीत उभी, अर्धगोल खोबण दिसली तर तिथे दाराचा खांब फिरायचा. काठावर छोटे दगड दिसले तर अंतराचे आकडे शोधा, मालाचं वजन आणि अंतर यावर टोल घ्यायचे म्हणून मैलाचे दगड लावलेले असायचे.

वाट तुटली की

तुटणारच. घरं, गोदाम, मोठा रस्ता, काहीही आडवं येतं. कुंपण ओलांडून कोणाच्या आवारात किंवा रुळांवर जाऊ नका. शेवटच्या पक्क्या खुणेपाशी परत या, तिथली उंची डोळ्यात धरा आणि त्याच उंचीच्या समांतर रस्त्यानं पुढे जा, पुढची खूण साधारण त्याच पातळीवर सापडते. आणि लोकांना विचारा, विशेषतः वयस्कर माणसांना. एकदा मी एका वस्तीत तासभर भटकत होते, लॉक कुठे गेला काही कळेना, शेवटी अंगणात काम करणाऱ्या एका आजोबांना विचारलं तर त्यांनी मला घरामागे नेऊन बागेची पायरी दाखवली. लांबच लांब एकसंध दगड, एका बाजूची कड गोल घासलेली. तो लॉकच्या काठाचा दगड होता आणि ते चाळीस वर्षं त्याच्यावर कुंड्या ठेवत होते. नकाशावर तो मला कधीच मिळाला नसता.

पाणी असेल तिथे

काही तुकड्यांत पाणी अजून असतं आणि इथे मात्र कडक राहा. साचलेल्या पाण्यावर बारीक हिरव्या पानांची साय पसरते, ती लांबून अगदी हिरवळीसारखी दिसते, मुलं आणि कुत्री सरळ तिच्यावर पाय टाकतात. खाली किती पाणी आणि किती गाळ आहे ते वरून कळत नाही. लॉकच्या भिंती उभ्या आणि शेवाळलेल्या असतात, आत पडलं की धरायला काही नसतं, त्यामुळे काठापासून दोन पावलं लांब राहून चाला आणि फोटो काढताना मागे सरकू नका. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो, म्हणून हातापायाला जखम असेल तर पट्टी लावून निघा, पाण्यात हात घातलाच तर काही खायच्या आधी साबणानं धुवा, आणि नंतर महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. एकट्यानं जायचं असेल तर उजेड असेपर्यंतच, आणि कोणाला तरी रूट पाठवून. पुलाखालच्या अरुंद वाटेवर समोरून सायकल आली तर भिंतीकडे उभं राहा, पाण्याकडे नाही.

घरी आल्यावर झोपायच्या आधी, आठवण ताजी असतानाच, सापडलेल्या खुणा नकाशावर गडद करा आणि न सापडलेला तुकडा तुटक रेघेनं दाखवा. पुढच्या वेळी त्या तुटक रेघेपासून सुरुवात करायची.