पीएलसीमध्ये क्लॉक पल्स बनवताय? मग या चुका टाळा

पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा इंडस्ट्रियल कंप्युटर, आणि क्लॉक पल्स म्हणजे ठरावीक वेळाने चालू-बंद होणारा सिग्नल. मागच्या वर्षी भोसरीतल्या एका मशीनचा अवर मीटर (मशीन किती तास चाललं ते मोजणारा) बघायला बोलावलं होतं. मशीन तिन्ही शिफ्ट चालू, एक मिनिट बंद नाही, आणि स्क्रीनवर मात्र २४ तासांचे सव्वातेवीस तासच जमा होतात. सगळ्यांचा संशय बॅटरीवर, मग सीपीयूवर, नवा सीपीयू मागवायची तयारी पण झाली होती. प्रोग्राम उघडला तर आत १ सेकंदाचा टायमर, त्याच्याच आउटपुटचा एनसी कॉन्टॅक्ट (एरवी जोडलेला, आउटपुट आला की तुटणारा) त्याच्याच इनपुटला लावलेला, आणि दर पल्सला काउंटर एकने वाढतोय. हार्डवेअर ठणठणीत होतं, चूक एवढीच.

ही लॅडर (पीएलसीचा शिडीसारखा काढलेला प्रोग्राम) आपण सगळेच सुरुवातीला शिकतो आणि दिवा ब्लिंक करायला ती चालते पण. वेळ मोजायला चालत नाही, आणि का ते नीट समजून घ्या कारण बाकीच्या निम्म्या चुका इथूनच निघतात. त्या प्रोग्रामचा स्कॅन, म्हणजे सगळा प्रोग्राम वरपासून खालपर्यंत एकदा चालवायचा फेरा, साधारण १२ मिलिसेकंद होता. टायमरचे १००० मिलिसेकंद भरले तरी पीएलसीला ते कळतं स्कॅन परत त्या ओळीवर येतो तेव्हाच, म्हणजे ८४ व्या स्कॅनला, १००८ वर. पुढच्या स्कॅनला टायमर रिसेट होतो, त्याच्या पुढच्या स्कॅनला परत सुरू होतो, हे गेले अजून २४. म्हणजे तुमचा एक सेकंद १०३२ मिलिसेकंदांचा झाला. दिवसाला ८६,४०० पल्स यायला पाहिजेत तिथे येतात साधारण ८३,७२०, पाऊण तास कुठे गेला ते दिसलं ना? आणि प्रोग्राम वाढला, स्कॅन लांबला की चूक पण बदलते, म्हणून टायमरचं सेटिंग ९६८ करून ठेवणं हा उपाय नाही, तसं केलेलं पण मी बघितलंय.

वेळ मोजायची असेल तर सीपीयूची तयार क्लॉक बिट घ्या, म्हणजे तो स्वतःच ठरावीक वेळाने चालू-बंद करतो ती बिट. मित्सुबिशी एफएक्समध्ये एम८०११ ते एम८०१४, म्हणजे १० मिलिसेकंद, १०० मिलिसेकंद, १ सेकंद आणि १ मिनिट. डेल्टा डीव्हीपीमध्ये त्याच क्रमाने एम१०११ ते एम१०१४. ओमरॉनला पी_१एस वगैरे नावाने मिळतात. सीमेन्स एस७-१२०० मध्ये मात्र ती आपोआप चालू नसतात, डिव्हाइस कॉन्फिगरेशनमध्ये क्लॉक मेमरी बाइटला टिक करून हार्डवेअर पण डाउनलोड करावं लागतं. डिफॉल्ट एमबी० (मेमरीचा पहिला बाइट) असतो, त्यातली एम०.५ ही १ हर्ट्झ. जुना प्रोग्राम नव्या प्रोजेक्टमध्ये कॉपी केला आणि टिक करायची राहिली की ब्लिंकिंगचं सगळं लॉजिक मुकाट बंद पडतं, एरर काही येत नाही. उलटा प्रकार पण होतो, टिक केलेली असते आणि कोणीतरी एम०.३ स्वतःचा फ्लॅग (खूण ठेवायची बिट) म्हणून वापरतो किंवा एमडब्ल्यू० मध्ये, ज्यात एमबी० पण येतो, व्हॅल्यू मूव्ह करतो. मग तो फ्लॅग स्वतःहून चालू-बंद होत राहतो. क्रॉस रेफरन्स (कुठली बिट कुठे वापरली त्याची यादी) उघडून बघा, दोन मिनिटांत सापडतं.

आता क्लॉक बिट घेतली तरी एजशिवाय, म्हणजे बिट बदलते तो क्षण पकडल्याशिवाय, वापरू नका. एम८०१३ च्या पुढे सरळ आयएनसी डी० (डी० एकने वाढव) लिहिलं तर बिट अर्धा सेकंद ऑन असते आणि तेवढ्या वेळात प्रत्येक स्कॅनला डी० वाढतो. स्कॅन ५ मिलिसेकंदांचा असेल तर एका पल्सला १००! आयएनसीपी (बिट ऑन होताना एकदाच वाढवणारी) लिहा किंवा आधी रायझिंग एज घ्या. सीमेन्समध्ये एजची मेमरी बिट प्रत्येक ठिकाणी वेगळी पाहिजे, नेटवर्क कॉपी-पेस्ट करताना तीच बिट दोनदा राहते आणि मग पल्स कधी येतो कधी येत नाही.

फार फास्ट क्लॉक पण घेऊ नका. १० मिलिसेकंदाची बिट ५ ऑन ५ ऑफ असते, स्कॅन १५ चा असेल तर मधले पल्स प्रोग्रामला दिसणारच नाहीत. ऑनचा वेळ सगळ्यात मोठ्या स्कॅनपेक्षा जास्त पाहिजे, सरासरी स्कॅन बघून ठरवू नका. त्याहून फास्ट काम असेल तर सायक्लिक इंटरप्टमध्ये (ठरावीक वेळाने मुख्य प्रोग्राम थांबवून चालणारा भाग) टाका.

एस७-१२०० आणि १५०० वाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट, यात माझी अख्खी संध्याकाळ गेलेली आहे. टायमरचा .क्यू (आउटपुट) तुम्ही प्रोग्राममध्ये जिथे वाचता तिथेच तो अपडेट होतो. म्हणून टायमरच्या इनपुटला त्याचाच .क्यू एनसी लावला तर वेळ संपल्यावर आधी तो कॉन्टॅक्ट उघडतो, इनपुट जातो, टायमर रिसेट होतो आणि टायमरच्या बॉक्सच्या पुढच्या कॉइलला (ज्यात निकाल लिहिला जातो ती बिट) पल्स जवळजवळ कधीच दिसत नाही. ऑनलाइन बघितलं तर ईटी (टायमरचा झालेला वेळ) मस्त पळताना दिसतो, त्यामुळे चूक पटकन लक्षात येत नाही. बॉक्सच्या क्यूवर एक साधी बिट कॉइल करा आणि इनपुटला त्या बिटचा एनसी लावा, सुटलं. क्लॉक मेमरी पण स्कॅनची वाट बघत नाही, स्कॅनच्या मधेच बदलू शकते, म्हणून सुरुवातीला एकदा स्वतःच्या बिटमध्ये कॉपी करून पुढे सगळीकडे तीच वापरा.

डोसिंगला (ठरावीक माप सोडायला) क्लॉकचे पल्स मोजू नका. व्हॉल्व्ह उघडला आणि १ सेकंदाचे ३ पल्स मोजून बंद केला, तर पहिला पल्स लगेच पण येईल किंवा जवळजवळ सेकंदाने पण, म्हणजे डोस २ ते ३ सेकंदांत कितीही. तिथे सरळ टायमर वापरा, तो व्हॉल्व्हबरोबरच सुरू होतो.

आणि ब्लिंकिंगचा दिवा रिले आउटपुटवर (ज्यात हलणारा कॉन्टॅक्ट असतो) नको. एस७-१२०० च्या रिलेचं आयुष्य रेटेड लोडवर १ लाख ऑपरेशन दिलेलं आहे आणि १ हर्ट्झने दिवसाला ८६,४०० होतात. लहान एलईडी दिव्याला कॉन्टॅक्ट जास्त टिकेल, तरी ट्रान्झिस्टर आउटपुट असेल तर तोच द्या.

सगळं झाल्यावर मोबाइलचा स्टॉपवॉच लावून १० मिनिटं काउंटर चालवून बघा. ६०० यायला पाहिजेत, एखादा इकडेतिकडे चालेल. ५८१ दिसले तर कुठेतरी तो स्वतःलाच रिसेट करणारा टायमर अजून बसलाय, तो शोधा.