तीन मिनिटांची फिल्म आणि लिफ्टमधली बाई

माझी पहिली शॉर्टफिल्म तीन मिनिटांची ठरली होती. गोष्ट एवढीच: आजोबा मुलाची वाट बघतात, तो येत नाही. त्यासाठी मी बावीस शॉट लिहिले. रिक्षा थांबते, गेट वाजतं, जिना, आजोबा उठून खिडकीत जातात, वगैरे. रफ कट, म्हणजे शॉटची पहिली कच्ची जोडणी, सहा मिनिटांचा झाला, आणि माझ्या बहिणीनं तोही पुढे ढकलत पाहिला.

आमच्या बिल्डिंगची लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची. दार उघडं राहिलं की ‘कृपया दरवाजा बंद करा’ असं एक बाई बोलत राहते. एका टेकमध्ये ती मध्येच बोलली म्हणून मी वैतागलो होतो. एडिटिंगला तोच टेक कामाला आला. फक्त आजोबांचा चेहरा. बाहेर लिफ्टची जाळी सरकते, बाई बोलते, आजोबा चष्मा चढवतात. पावलं जवळ येतात आणि शेजारच्या दाराकडे वळतात. चौदा सेकंद. रिक्षा, गेट, जिना सगळं उडालं.

तेव्हापासून शॉट लिहिताना आधी विचारतो, हे नुसतं ऐकवून भागेल का? बरेचदा भागतं.

पण त्यासाठी आवाज स्वच्छ हवा. फिल्म मोबाइलवर करा हवं तर, माइक मात्र बोलणाऱ्याच्या जवळ न्या. लांबचा माइक माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकतो. आम्ही मे महिन्यात पंखा चालू ठेवून शूट केलं. प्रत्येक कटला घरघर कमी-जास्त व्हायची, निम्मे संवाद पुन्हा रेकॉर्ड करावे लागले. शिवाय प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. तिला रूमटोन म्हणतात. संवादांमधली भोकं तिनंच बुजवायची.

खिडकीचा उजेड फुकट असतो, पण तो थांबत नाही. खिडकी दिसणारे शॉट आधी उरका. क्लोजअप नंतर घ्या, खिडकीच्याच दिशेनं एलईडी लावून, त्याच्यापुढे बटर पेपर. दुसऱ्या बाजूनं थर्माकोलची शीट धरली की चेहऱ्यावरचा काळोख थोडा उघडतो. थोडाच उघडा. आम्ही ट्यूबही लावली होती, आणि एकट्या म्हाताऱ्याची खोली बँकेच्या शाखेसारखी दिसू लागली. पुढे शेवटचा शॉट मी पुन्हा घेतला: खोलीत अंधार, दाराखालच्या फटीतून पॅसेजचा उजेड. तो विझतो. आजोबा काहीच बोलत नाहीत.

ट्यूबखाली शूट करायचंच असेल तर सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते) १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची. भलतं शटर ठेवलं की पडद्यावर पट्टे सरकतात. मोबाइलवर एक्स्पोजर लॉक करायला विसरू नका, नाहीतर तो शॉटच्या मध्येच उजेड कमी-जास्त करतो.

कॅमेऱ्याबद्दल सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात. मी गिंबल, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा, मागून आणला होता. आजोबा खुर्चीतून हलत नाहीत, मग कॅमेरा कुणासाठी फिरत होता? लुमिएर बंधूंची १८९५ची फिल्म बघा, पोरगा माळ्याच्या नळीवर पाय देतो ती. मिनिटभराच्या आत संपते, कॅमेरा जागचा हलत नाही. माळ्याला न दिसणारा पोरगा आपल्याला दिसत राहील, अशा जागी कॅमेरा ठेवलाय.

आणि आवाजासाठी फ्रिज बंद कराल तेव्हा स्कूटरची किल्ली त्यातच ठेवा. घरी जाताना किल्ली शोधाल आणि फ्रिज चालू कराल. आम्ही तसं केलं नव्हतं. ज्यांच्या घरी शूटिंग होतं त्या काकूंचा आमरस गेला.