पत्रांची पुस्तकं वाचायची कशी

खऱ्या पत्रांचं पुस्तक बरेच जण थोडं वाचून सोडून देतात, कारण कादंबरीसारखं सलग वाचायला जातात आणि मग तब्येतीच्या चौकश्या, पैसे मिळाले, पार्सल पोचलं हेच परत परत येतंय म्हणून कंटाळतात. तर एका वेळी चार-पाच पत्रं बास. ती माणसं उत्तराची आठवडा-आठवडा वाट बघत होती, आपणही जरा थांबावं.

प्रस्तावना आधी अर्धीच वाचा, कोण कोणाला लिहितंय आणि ओळख कशी झाली तेवढंच, कारण शेवट काय झाला हे संपादक तिथेच सांगून टाकतात. न्यूयॉर्कची लेखिका हेलेन हॅन्फ आणि लंडनच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाचा पत्रव्यवहार ('84, चॅरिंग क्रॉस रोड', सुरुवात १९४९ ची) वाचणार असाल तर शेवट अजिबात आधी बघू नका, प्लीज!

आणि तारीख. प्रत्येक पत्राची तारीख आणि गाव वाचायचंच, मजा तिथेच आहे. लिहिणाऱ्याला उद्या काय होणार ते माहीत नसतं, आत्मचरित्रात माणूस सगळं घडून गेल्यावर नीट लावून सांगतो, पत्रात तसं करताच येत नाही. चित्रकार व्हॅन गॉग त्याच्या भावाला, थिओला, रंग आणि कॅनव्हाससाठी पैसे मागतो, आज काय रंगवलं ते सांगतो, आणि आपल्याला माहीत असतं की जुलै १८९० मध्ये तो जाणार आणि सहा महिन्यांनी थिओपण. त्याला माहीत नाही, आपल्याला माहीत आहे, मग साधं "पुढच्या महिन्यात लिहितो" वाचूनसुद्धा गलबलतं. दोन तारखांमध्ये मोठी गॅप दिसली तर तिथेही थांबा, भांडण झालं, आजारपण आलं की दोघं भेटले, पुढच्या पत्रात सापडतं बहुतेक.

बऱ्याचदा एकाच बाजूची पत्रं उरलेली असतात. व्हॅन गॉगची थिओला लिहिलेली साडेसहाशेच्या वर आहेत, थिओची त्याला लिहिलेली जेमतेम चाळीसेक. अशा वेळी समोरच्याने काय विचारलं असेल ते उत्तरावरून ओळखत जायचं, मला तर हा भाग सगळ्यात जास्त आवडतो. दोन्ही बाजू मिळत असतील तर सोडूच नका. सुनीताबाई देशपांडे आणि जी.एं.ची पत्रं वेगवेगळ्या पुस्तकांत आहेत, दोन्ही शेजारी ठेवायची आणि तारखेप्रमाणे एक इकडचं एक तिकडचं असं वाचायचं, वेळ लागतो पण वाचनच बदलून जातं.

तळटीपा गाळू नका. हॅन्फ दुकानातल्या लोकांना हॅम आणि अंडी पाठवते, आता दुसरं महायुद्ध संपून तेव्हा चार वर्षं झाली होती तरी इंग्लंडमध्ये मांस-अंडी रेशनवरच होती हे माहीत नसेल तर त्या आभाराच्या पत्रांमधला आनंद कळणारच नाही. संपादकाने गाळलेल्या मजकुराच्या खुणा (...) पण बघत जा, काय छापलं नसेल याचा अंदाज येतो.

पहिलंच पुस्तक असेल तर बारीकसं घ्या. हॅन्फचं पातळ आहे, जर्मन कवी रिल्केने एका तरुण कवीला लिहिलेली पत्रं तर फक्त १० आहेत. व्हॅन गॉगची सगळी पत्रं त्याच्या म्युझियमने २००९ पासून इंटरनेटवर फुकट ठेवलीत, चित्रं आणि टिपांसकट, पण तिथे पहिल्या पत्रापासून सुरू करू नका, १८८८ च्या फेब्रुवारीत तो दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला पोचतो तिथून धरा, आवडलं की मग मागे जा.