ऑफरोड टायर घेताना आधी साइडवॉल बघा, वॉरंटी मग

पावसाळा जवळ आला की हरिहर, अंजनेरी, भंडारदऱ्याकडे गाड्या घेऊन जाणारे सगळे टायरची चौकशी सुरू करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, वॉरंटी किती वर्षं? माझ्या मते हे शेवटी विचारायचं. आपल्याकडे काळा दगड, त्याची फुटकी खडी म्हणजे नुसती धार, त्यामुळे टायर झिजायच्या आधी बाजूने कापला जातो आणि कट, पंक्चर, खड्ड्यात आपटून आलेला फुगा हे साध्या वॉरंटीत बसतच नाही, ती फक्त मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टची असते. काही कंपन्या अनकंडिशनल, म्हणजे असं नुकसानही धरणारी वॉरंटी देतात, पण तिच्या अटी छापील कागदावर वाचा, दुकानदाराच्या तोंडी नको.

म्हणून साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत. टायरच्या बाजूलाच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, साइडवॉलला किती प्लाय (आतले थर) आणि ट्रेडला, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या भागाला किती. ८ पीआर, १० पीआर (प्लाय रेटिंग) हे मजबुतीचं रेटिंग आहे, तेवढे थर आत असतात असं नाही, इथे बरेच जण फसतात. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, गाडीसोबत आलेल्या टायरपेक्षा कमी घेऊ नका, ११२ म्हणजे एका टायरला ११२० किलो.

एटी (ऑल-टेरेन, सगळ्या रस्त्यांचा) की एमटी (मड-टेरेन, चिखलाचा)? एमटी दिसायला भारी वाटतो हो, पण मुंबई हायवेवर नुसता घोंगावतो आणि कसारा घाटात ओल्या डांबरावर ब्रेक मारला की एटीची पकड आठवते. ज्याला निफाड-येवल्याच्या काळ्या मातीत रोज गाडी घालायचीये त्याने खुशाल एमटी घ्यावा, कारण चिकट चिखल त्या रुंद खाचांतून बाहेर फेकला जातो, एटीच्या खाचा एकदा भरल्या की टायरचा गोटा होतो. बाकी सगळ्यांना एटीच पुरतो.

दुकानात टायर बसवायच्या आधी डॉट कोडचे (टायरच्या बाजूला DOT पासून सुरू होणारा नंबर) शेवटचे चार आकडे बघा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. चारही टायरचे बघा, स्टेपनीचापण. बिलावर टायरचा सिरियल नंबर आणि गाडी नंबर लिहून घ्या, ते "लागत नाही साहेब" म्हणतील, तरी घ्या, कारण बिल नसलं की बऱ्याच कंपन्या वॉरंटी उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात.

नवीन गाडीसोबत आलेल्या टायरचा क्लेम गाडीच्या शोरूमकडे नाही तर टायर कंपनीकडे जातो, शोरूमवाले बहुतेक वेळा हात वर करतात, त्यामुळे थेट टायरच्या अधिकृत डीलरकडेच जा.

आता क्लेम. टायर काढायच्या आधीच फोटो काढा, मीटरचं रीडिंगपण. फुग्यावर पंक्चरवाल्याला गेटर (आतून चिकटवायचा जाड तुकडा) मारू देऊ नका, गेलाच मग क्लेम. डीलरकडून क्लेमचा नंबर लेखी घ्या, मग कंपनीचा माणूस टायर उघडून आतून बघतो. कमी हवेत पळवलेल्या टायरच्या आत घासल्याच्या रेषा आणि काळी भुकटी दिसते, ती सापडली की रिजेक्ट, म्हणून चिखलात हवा उतरवली असेल तर डांबरी रस्त्याला लागल्या लागल्या परत भरा, छोटा कंप्रेसर गाडीत ठेवाच. क्लेम पास झाला तरी अख्खा टायर फुकट मिळत नाही, अर्धी खाच उरली असेल तर साधारण अर्धीच किंमत वळती होते.

रिजेक्ट केला तर कारण लेखी मागा, आणि मुख्य म्हणजे टायर परत मागा, तोच तुमचा पुरावा, बरेच जण तो दुकानातच सोडून येतात. आधी कंपनीला ईमेल, मग १९१५ वर ग्राहक हेल्पलाइन, तरीही नाही झालं तर नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. मुदत दोन वर्षांची आहे, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही आणि कंपनी कुठल्याही गावची असली तरी तुम्ही राहता तिथे केस टाकता येते.