डाएटमध्ये पिझ्झा बसवताना या चुका टाळा

वजन कमी करायला घेतलं की पिझ्झाच्या बाबतीत दोनपैकी एक होतं. एक तर तो कायमचा बंद केला जातो आणि काही आठवड्यांनी कधीतरी रात्री अख्खाच्या अख्खा फस्त होतो. नाहीतर ‘चीट डे’च्या नावाखाली त्याला हिशोबातून सूट मिळते. दोन्हीकडे गडबड एकच आहे. पिझ्झा म्हणजे मैदा, चीज, टोमॅटो आणि तेल. या चारही गोष्टींच्या कॅलरी मोजता येतात, पण चारही एकत्र आल्या की कोणीच मोजायला बसत नाही. साध्या चीज पिझ्झात १०० ग्रॅमला साधारण २६० ते २८० कॅलरी असतात. आकडा घाबरून जाण्यासारखा नाही. तो नक्की कुठे हाताबाहेर जातो, तेवढं बघू.

‘मी दोनच स्लाइस खाल्ल्या’

सगळ्यात मोठी चूक ही, आणि ती प्रामाणिक माणसंही करतात. स्लाइस हे माप नाही, तो फक्त एक तुकडा आहे. पिझ्झाचा आकार आपण व्यासात सांगतो, पण खातो ते क्षेत्रफळ, आणि व्यास थोडा वाढला तरी क्षेत्रफळ खूप वाढतं. १२ इंची पिझ्झाचं क्षेत्रफळ ११३ चौरस इंच, १४ इंचीचं १५४ आणि १६ इंचीचं २०१. तिन्हींचे आठ-आठ तुकडे केले तर एका स्लाइसच्या वाट्याला अनुक्रमे १४, १९ आणि २५ चौरस इंच येतात. म्हणजे १६ इंचीच्या दोन स्लाइस खाल्ल्या, तर १२ इंचीच्या साडेतीन खाल्ल्यासारखं झालं. कॅलरी मोजायच्या अ‍ॅपमध्ये नोंद मात्र ‘२ स्लाइस’ एवढीच राहते.

त्यात जाडीचा विचार अजून केलेलाच नाही. पातळ क्रस्ट आणि डीप पॅन यांचा व्यास सारखा असला तरी वजनात मोठा फरक पडतो. पॅन पिझ्झाच्या ताटलीत तळाला तेल असतं आणि बेस त्यात जवळजवळ तळून निघतो, म्हणून तर त्याची कड इतकी कुरकुरीत लागते. चौकोनी बारीक तुकडे करून वाढतात त्या पिझ्झाची तर आणखीनच गंमत. तीन खाल्ले की सात, हे जेवण संपल्यावर कोणालाच सांगता येत नाही.

यावर उपाय म्हणजे ग्रॅम. घरी असाल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर स्लाइस ठेवा आणि अ‍ॅपमध्ये वजनानेच नोंद करा. लोकांनी स्वतःहून भरलेल्या ‘चीज पिझ्झा, १ स्लाइस’ अशा नोंदींवर अजिबात विसंबू नका. त्यांची स्लाइस केवढी होती, हे तुम्हाला कुठे माहीत आहे? मोठ्या साखळी दुकानांचे पोषणाचे तक्ते मिळतात. ते वाचताना आकडा कुठल्या आकाराचा, कुठल्या क्रस्टचा आणि किती भागाचा आहे, या तिन्ही गोष्टी पाहा. फ्रोझन पिझ्झाच्या खोक्यावरचा ठळक आकडाही बऱ्याचदा अख्ख्या पिझ्झाचा नसून पाव किंवा तिसऱ्या हिश्श्याचा असतो.

बाहेर काटा नसेल तर अंदाज जरा चढाच धरा. पृष्ठभागावर तेल चमकत असेल तर आणखी थोडा चढा.

कॅलरी कुठे आहेत, हे न बघता कापाकापी करणं

‘पिझ्झा म्हणजे चीज, म्हणून चीज कमी केलं की झालं’ हा समज अर्धाच खरा आहे. घरी केलेल्या १२ इंची पिझ्झाचा हिशोब मांडून बघा. कणकेचा गोळा २५० ग्रॅमचा असेल तर त्यात मैदा सुमारे १५० ग्रॅम, म्हणजे साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. मोझरेला १२० ग्रॅम, ३६० कॅलरी. वरून एक टेबलस्पून ऑलिव्ह ऑइल, १२० कॅलरी. टोमॅटो सॉस ८० ग्रॅम, जेमतेम २५. बेरीज साडेदहाशे. यातला निम्म्याहून जास्त वाटा बेसचा आहे, आणि त्याच्याकडेच कोणाचं लक्ष नसतं.

आता तोच पिझ्झा जरा आवळून करू. गोळा १८० ग्रॅमचा घेऊन तेवढ्याच व्यासाचा पातळ लाटला, तर बेस ४०० कॅलरींवर येतो. चीज ८० ग्रॅम, म्हणजे २४०. तेल टेबलस्पूनऐवजी एक टीस्पून, ४०. सॉस तेवढाच. वर शंभरेक ग्रॅम मश्रूम आणि सिमला मिरची, त्यांच्या मिळून २५. एकूण ७३०. ताटात पिझ्झा तेवढाच मोठा दिसतो आणि सव्वातीनशे कॅलरी वाचतात. त्यातल्या जवळपास निम्म्या कणकेतून, ८० नुसत्या तेलातून. तेल ‘आरोग्याला चांगलं’ म्हणून बाटलीतून थेट ओतायची सवय असेल, तर ती आधी सोडा. चांगल्या तेलाच्या ग्रॅममध्येही ९ कॅलरीच असतात.

चीज कमी केल्याचं जाणवू नये असं वाटत असेल तर किसून सगळीकडे पसरण्याऐवजी मोझरेलाचे लहान तुकडे अंतराअंतरावर ठेवा. वरून थोडं पार्मेझान किसा. दहा ग्रॅमला साधारण ४० कॅलरी जातात, पण खारट-उग्र चव लांबवर पुरते. अजिबात फॅट नसलेलं मोझरेला मात्र मी कोणालाच सुचवणार नाही. ते धड वितळत नाही, रबरासारखं लागतं, आणि असमाधानी पोटाने माणूस रात्री फ्रीज उघडतोच. मश्रूम आधी कोरड्या तव्यावर परतून पाणी आटवा, नाहीतर पातळ बेस मधोमध ओला होईल. ओव्हन आणि त्यातली ताटली चांगली तापू द्या.

टॉपिंगच्या बाबतीत लोक उगाच भाज्यांवर डोकं खपवतात. कांदा की मिरची, याने फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो मांसाच्या प्रकाराने. पेपरोनीत १०० ग्रॅमला ५०० च्या आसपास कॅलरी असतात, तर शिजवलेल्या चिकन ब्रेस्टमध्ये १६५. पेपरोनीचे सहा-सात काप आवडीने खा, पण ‘डबल’ म्हणताना हा आकडा आठवा.

घरच्या पिझ्झाची नोंद करताना एक चूक हमखास होते. साहित्य कच्चं मोजलं जातं, स्लाइस मात्र भाजल्यावर. भाजताना पाणी उडून वजन घटतं, कॅलरी तेवढ्याच राहतात. म्हणून भाजलेला अख्खा पिझ्झा एकदा काट्यावर ठेवा. समजा तो ४२० ग्रॅम भरला आणि साहित्याच्या कॅलरी १०५० होत्या, तर ग्रॅमला अडीच कॅलरी. मग कोणी कितीही वाकडा कापू दे, तुमचा हिशोब बिनचूक.

‘हेल्दी’ बेसवर भरवसा

गव्हाच्या पिठाचा बेस घेतला तर तंतू जास्त मिळतात, पोट भरल्यासारखं वाटतं, हे खरंच आहे. कॅलरी मात्र मैद्याएवढ्याच असतात, उन्नीस-बीसचा फरक. फुलकोबीच्या तयार बेसचं आणखी वेगळं. नुसती फुलकोबी एकत्र धरून राहत नाही, म्हणून त्यात चीज, अंडं, तांदळाचं पीठ किंवा स्टार्च घातलेलं असतं. पाकिटाची मागची बाजू वाचली तर काही बेस साध्या पातळ क्रस्टच्या अगदी जवळ गेलेले दिसतात. चव आवडत असेल तर जरूर खा. कॅलरी वाचतील म्हणून घेत असाल तर आधी आकडा बघा.

टिश्यू पेपरने तेल टिपणं हा या कुळातला त्यातल्या त्यात खरा उपाय आहे. पाच ग्रॅम तेल निघालं तर ४५ कॅलरी गेल्या. वाईट नाही, पण तेवढ्यावर एक स्लाइस जास्त घ्यायचा परवाना मिळत नाही. कड ताटात टाकून आतली आणखी एक स्लाइस उचलणाऱ्यांबद्दल काय बोलावं! टाकलेली कड हाच त्या स्लाइसचा सगळ्यात कमी फॅटचा भाग होता.

पिझ्झासाठी दिवसभर उपाशी राहणं

कागदावर ही युक्ती चोख दिसते: सकाळ-दुपार काही खायचं नाही, सगळ्या कॅलरी रात्रीसाठी राखायच्या. प्रत्यक्षात पोटात कावळे ओरडत असताना खोकं उघडलं जातं, पहिल्या दोन स्लाइस न चावताच आत जातात, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत पोहोचेस्तोवर खोकं रिकामं.

त्यापेक्षा दिवसातली दोन्ही जेवणं थोडी हलकी, पण प्रथिनं आणि भाज्या भरपूर अशी ठेवा. समजा तुमचं दिवसाचं लक्ष्य १८०० कॅलरी आहे, रात्रीचं नेहमीचं जेवण ६०० चं आणि पिझ्झाचं ९०० चं. ३०० चा प्रश्न आहे. दुपारचं मधलं खाणं वगळून आणि जेवणातलं तेल थोडं कमी करून तो सुटतो, किंवा पुढच्या तीन दिवसांत शंभर-शंभर कमी करून. शरीर रात्री बारा वाजता खातेवही बंद करत नाही. आठवड्याचे १२,६०० जमले म्हणजे जमलं. पिझ्झाच्या आधी मोठा वाडगा भरून सॅलड खाणंही कामाला येतं, फक्त त्यावर मेयॉनीजचं ड्रेसिंग नको. मेयॉनीजच्या एका टेबलस्पूनला नव्वदच्या वर कॅलरी असतात. डिपच्या छोट्या डब्यांनाही हेच लागू. गोड शीतपेयाचा ३३० मिलिलिटरचा कॅन म्हणजे १४० च्या घरात, आणि त्याने भूक भागत नाही ती नाहीच.

एक स्लाइस जास्त झाली, आता काय उरलं!

ठरवलेल्या दोनऐवजी तीन स्लाइस झाल्या. जास्तीच्या कॅलरी तीनशेच्या आतबाहेर. इथे थांबलं तर आठवड्याच्या हिशोबात ती चूक शोधूनही सापडणार नाही. पण मनात येतं, ‘आजचा दिवस गेलाच’, आणि बुडत्याचा पाय खोलात जातो: उरलेला पिझ्झा, मग आइस्क्रीम, मग ‘सोमवारपासून परत सुरू’. खरं नुकसान तिसऱ्या स्लाइसने होत नाही, तिच्यानंतर जे होतं त्याने होतं.

यावर टोरोंटो विद्यापीठातल्या जॅनेट पोलिव्ही आणि पीटर हर्मन या मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. २०१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग तर पिझ्झावरच आहे. सहभागी झालेल्या सगळ्यांना सारखीच स्लाइस दिली, पण काहींना ती दुसऱ्याच्या स्लाइसपेक्षा मोठी वाटेल आणि काहींना लहान वाटेल अशी मांडणी केली. मग चव तपासायच्या निमित्ताने समोर कुकीज ठेवल्या. डाएट करणाऱ्यांपैकी ज्यांना ‘आपली स्लाइस मोठी होती’ असं वाटलं, त्यांनी कुकीज जास्त खाल्ल्या. प्रत्यक्षात कोणाच्याच पोटात जास्त पिझ्झा गेला नव्हता. नियम मोडल्याची नुसती भावना पुरली.

म्हणून तिसरी स्लाइस झाली तर लगेच नोंदवा. लपवलेली नोंद पुढच्या खाण्याला वाट करून देते. उरलेला पिझ्झा खोक्यासकट टेबलावर ठेवू नका. वाढून झाला की डब्यात घाला आणि फ्रीजमध्ये टाका, जेवायला बसायच्या आधीच. उद्याच्या जेवणाची ती सोय झाली.

दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहून हाय खाणं

रात्री पिझ्झा आणि सकाळी काटा किलोभराने वर. यात चरबी किती? एक किलो चरबी साठायला गरजेपेक्षा सुमारे ७७०० कॅलरी जास्त खायला लागतात. तेवढ्यासाठी वर हिशोब केलेला साडेदहाशेचा अख्खा पिझ्झा रोजच्या जेवणाव्यतिरिक्त सात वेळा खावा लागेल. काट्यावर दिसतं ते बहुतेक पाणी असतं. चीज, सॉस, पेपरोनी, कणीक, सगळ्यात मीठ असतं आणि मीठ पाणी धरून ठेवतं. शिवाय कर्बोदकं ग्लायकोजेन होऊन साठतात तेव्हा प्रत्येक ग्रॅमबरोबर जवळपास तीन ग्रॅम पाणी घेऊन बसतात. उरलेलं वजन म्हणजे आतड्यातलं अजून न पचलेलं जेवण. दोन-तीन दिवस नेहमीसारखं खाल्लं की हे उतरतं. त्या सकाळी घाबरून पुन्हा उपास करू नका, नाहीतर मागच्या चुकीपाशी परत याल.

मात्र हे ‘पाणी आहे’ म्हणणं चार आठवडे चालत नाही. रोजच्या वजनाची आठवड्याची सरासरी काढा. ती महिनाभर जागची हलत नसेल, तर हिशोबात कुठेतरी गळती आहे. अशा वेळी पिझ्झा लगेच बंद करू नका. तुमची गळती पिझ्झात असेलच असं नाही. आधी दोन आठवडे पिझ्झाची प्रत्येक नोंद ग्रॅममध्ये करा, तेल चमच्याने मोजा, डिप आणि पेयं वेगळी लिहा. आकडे बदलले तर चूक सापडली. तेवढेच राहिले तर शनिवार-रविवारच्या बाकीच्या नोंदी काढून बघा, विशेषतः ज्या जेवणांपुढे नुसतं ‘अंदाजे’ लिहिलं आहे त्या.