नाताळचं बाळ, बाहेर उकाडा: या चुका टाळा

बाळंतिणींच्या घरी जाऊन अंगावर पाजायला मदत करणं हे माझं काम. डिसेंबर लागला की फोन वाजायला लागतो, आणि समोरची बोलायच्या आधीच काय झालंय ते मला कळतं. दरवर्षी त्याच चार गोष्टी. बाळ होणार इथल्या डिसेंबरातल्या उकाड्यात, आणि तयारी केलेली असते शुभेच्छापत्रावरच्या बर्फाची.

२५ तारीख धरून बसणं

शेवटच्या पाळीपासून २८० दिवस मोजले की ती तारीख निघते. नेमक्या त्या दिवशी शंभरातली चार-पाचच बाळं येतात. २५ डिसेंबर दिली असेल तर ३७ आठवडे ४ डिसेंबरला भरतात आणि ४२ आठवडे ८ जानेवारीला. म्हणजे तुमची ‘तारीख’ पाच आठवड्यांची आहे. बॅग नोव्हेंबर संपायच्या आत भरलेली हवी. “अजून वेळ आहे” म्हणणाऱ्यांच्या नवऱ्यांना मी रात्री दोन वाजता कपाटं उपसताना पाहिलंय.

दुसरं टोक त्याहून वाईट. “सणाच्या आधीच मोकळी करा ना, डॉक्टर.” वैद्यकीय कारण नसेल तर ३९ आठवडे पुरे व्हायच्या आत कळा आणू नयेत. तुमच्या हिशेबात ते १८ डिसेंबरला पुरे होतात. शेवटच्या आठवड्यांत बाळाचा मेंदू वाढत असतो, फुप्फुसं तयार होत असतात. पाहुण्यांच्या सोयीसाठी हे आठवडे कापायचे, ही घाई माझ्या डोक्यात जाते.

सुट्ट्यांचा खरा फटका प्रसूतीला बसतच नाही. कळा सुरू झाल्या तर ड्युटीवर कुणीतरी असतंच. अडतं ते नंतर. एका घरात बाळ २३ तारखेला सकाळी झालं, २४ ला दुपारी मायलेकरं घरी. जागतिक आरोग्य संघटना ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान पुढची तपासणी करायला सांगते. हे तास नेमके २५ आणि २६ तारखेला आले. ओपीडी बंद. “सुट्टी संपली की जाऊ” असं ठरलं, आणि बाळ पिवळसर दिसतंय म्हणून आजीबाईंनी त्याला खिडकीतल्या उन्हात ठेवायला सुरुवात केली. मी २७ ला गेले तेव्हा पिवळेपणा मांड्यांपर्यंत उतरला होता आणि बाळ चोखताचोखता झोपत होतं. त्याच दुपारी भरती करावं लागलं, दोन दिवस कावीळ उतरवणाऱ्या निळ्या दिव्याखाली. खिडकीतलं ऊन म्हणजे तो दिवा नव्हे. कडक उन्हात नवजात बाळ भाजतं, सुकतं, आणि पिवळेपणा राहतो तो राहतोच.

तेव्हापासून मी प्रत्येक घरात एक कागद लिहायला लावते: २४ डिसेंबर ते २ जानेवारी, रोज प्रसूतीचे डॉक्टर कोण, बाळाचे डॉक्टर कोण, रात्री उघडं औषधाचं दुकान कुठलं. फोनमध्ये नाही, कागदावर, आणि तो फ्रिजच्या दारावर. कळा येत असताना फोनचं चार्जिंग संपलेलंच असतं.

लोकर

ही माझी लाडकी चूक. डिसेंबर म्हणजे थंडी, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की खिडकीबाहेर बघायचं कुणाला सुचत नाही. त्यात भेटवस्तूही तशाच: लाल लोकरीची टोपी, लाल मोजे, पांढऱ्या गोंड्यांचा स्वेटर.

एकदा चार दिवसांच्या बाळासाठी बोलावणं आलं. “पीतच नाही, सारखं झोपतं,” असं सांगत आई रडत होती. खोलीत शिरले तर खिडक्या बंद, पंखा बंद, मीच दोन मिनिटांत घामाघूम. बाळाला झबलं, त्यावर स्वेटर, टोपी, हातमोजे, पायमोजे आणि वरून दोन दुपट्यांची घट्ट गुंडाळी. सोडत गेले तशी वाफ आल्यासारखी वाटली. मानेच्या वळ्या ओल्या, पाठीवर घामोळं, चेहरा लालबुंद. थर्मामीटर लावला तर ३८.२ अंश सेल्सिअस. एकीला डॉक्टरांना फोन करायला बसवलं आणि मी बाळाला झबल्यावर आणलं, खिडकी उघडली, पंखा मंद लावला. अर्ध्या तासात ३७.३. बाळानं डोळे उघडले आणि मग जे प्यायलं ते वीस मिनिटं सोडेना. तरी डॉक्टरांनी बोलावून तपासलंच, आणि बरोबर केलं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाचा ताप ३८ किंवा वर गेला की “कपड्यांमुळे असेल” म्हणून घरी बसायचं नाही.

यातली साखळी लक्षात घ्या. तापलेलं बाळ सुस्तावतं, सुस्तावलेलं पीत नाही, प्यायलं नाही की वजन उतरतं, कावीळ वाढते, आणि घरचे म्हणतात आईला दूधच नाही. त्या बाईला भरपूर दूध होतं. शिवाय झोपेत अंग जास्त तापणं हे पाळण्यात अचानक होणाऱ्या मृत्यूंशी जोडलेलं एक कारण आहे, म्हणून झोपताना घरात डोक्यावर टोपी नको, अंगावर सैल पांघरूण नको, आणि बाळ पाठीवरच.

“पण हात गार लागतात हो.” लागणारच. पहिल्या दिवसांत नवजाताचे हातपाय गार, जरासे निळसरसुद्धा असतात. माझी सवय अशी: दोन बोटं मानेच्या मागून पाठीवर सरकवायची. कोमट आणि कोरडं लागलं तर ठीक. ओलं किंवा गरम लागलं तर एक कपडा कमी. तुम्हाला त्या खोलीत जेवढे कपडे लागतात तेवढेच बाळाला, फार तर एक पातळ थर जास्त. खरा उकाडा असेल तर लंगोट आणि सुती झबलं, बस्स. दिवसांच्या आधी आलेलं, कमी वजनाचं बाळ असेल तर मात्र हा नियम चालत नाही, तिथे डॉक्टर सांगतील ते.

टोपी एकदाच लागते. जन्मल्यावर ओलं अंग झपाट्यानं गार होतं, आणि दवाखान्याची खोली एसीनं गारठलेली असू शकते. तेव्हा आईच्या उघड्या छातीवर बाळ, वरून कोरडं दुपटं आणि डोक्याला टोपी. बॅगेत एकच सुती टोपी टाका. लाल लोकरीच्या सूटमध्ये फोटो काढायचाच असेल तर काढा, आणि लगेच उतरवा.

“उकाड्यानं सुजलंय”

गरोदरपणात पाय सुजतात, खरं आहे. पण चेहरा आणि हात अचानक सुजले, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, वरच्या पोटात दुखतंय, तर तो उकाडा नाही, वाढलेला रक्तदाब असू शकतो. त्याच दिवशी दाखवा, सण असला तरी. बाळाची हालचाल कमी झाली तरी तेच. “शेवटी जागा नसते म्हणून हलत नाही” हे खोटं आहे.

बाकीच्या

बाळाला वरचं पाणी: सहा महिने एक चमचाही नाही. आईच्या दुधात जवळपास ८८ टक्के पाणीच असतं. पाणी तिला द्या, पाजायला बसली की हाताशी भरलेला तांब्या. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा ओले लंगोट दिसले की बाळाला पुरतंय.

ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर कापड टाकणं: आत भट्टी होते. सावलीतून चाला.

डासांसाठी मलम दोन महिन्यांच्या आत नको, मच्छरदाणी लावा.

एसी चालेल, झोत अंगावर नको.

डांग्या खोकल्याची लस काही देशांत गरोदरपणी २७ ते ३६ आठवड्यांत देतात. तुमच्या तारखेला ते २५ सप्टेंबर ते २७ नोव्हेंबर. डिसेंबरात आठवण झाली तर उशीर होतो.

आणि सणाचे पाहुणे. सर्दी असलेल्यानं यायचं नाही, बाकीच्यांनी हात धुवायचे, बाळाचा पापा कुणीच घ्यायचा नाही. हे बाळंतिणीनं सांगितलं की तिला शिष्ट म्हणतात. म्हणून मी हे काम बाळाच्या बापाकडे देते, दारात उभं राहून करायचं.